शेपटीकडे तोंड करून

नॉर्बी, विस्कॉन्सिन
१६ जानेवारी १९४४

श्री. लाइल प्रुएट यांस,

मी आर्विद ट्वेटनचा बाप. तुमचं दोन ओळींचं पत्र आणि आर्विदची पेटी, दोन्ही पोचली. पेटीतले मोजेसुद्धा धुतलेले होते. ते तुम्हीच धुतले असणार. आर्विदने स्वतःचे मोजे धुतल्याचं त्याच्या आईला एकदाही आठवत नाही. तिने तुमचे आभार मानलेत.

तुमच्या कमांडरांचंही पत्र आलं. चांगलं लिहिलंय. त्यात कर्तव्य आहे, देश आहे, शौर्य आहे. आर्विद मात्र मला त्यात कुठे सापडला नाही.

मी इथल्या डेअरीत बावीस वर्षं लोणी काढतो. लिहिण्याची सवय नाही. तुमच्याविषयी आर्विदने एवढंच कळवलं होतं की, "माझ्या पाठीला पाठ लावून बसणारा गनर मिसूरीचा आहे, नेम चांगला आहे, गातो भयंकर." जमलं तर त्याचं रोजचं काहीतरी लिहा. काय खायचा, कशावर हसायचा. आणि जमेल तेव्हा नोव्हेंबरातल्या त्या दिवसाचं लिहा. घाई नाही. आम्हाला बर्फ वितळायची वाट बघायची सवय आहे.

आपला,
ओस्मुंड ट्वेटन

*

जहाजावरून
९ फेब्रुवारी १९४४

मिस्टर ट्वेटन,

पत्र मिळालं. मोजे मीच धुतले. तसेच पाठवले असते तर टपालखात्याने पेटी परत केली असती.

आधी एक सांगतो. आमची पत्रं आमच्याच स्क्वाड्रनचे एक लेफ्टनंट वाचतात आणि जहाजाचं किंवा जागेचं नाव आलं की ब्लेडने कापून काढतात. पत्राला भोकं दिसली तर तो उंदरांचा दोष नाही.

आर्विद पीचचा डबा उघडला की आधी रस पिऊन टाकायचा आणि फोडी मला द्यायचा. म्हणायचा, "घे, मेहनतीचं तू खा." विमानात चढताना डावा पाय आधी टाकायचा. उजवा पडला तर उतरून परत चढायचा, मागे सगळे बोंबलत असले तरी.

आमचं विमान सूर मारून बॉम्ब टाकणारं. पायलट, म्हणजे आर्विद, पुढे, मी मागे, माझं तोंड शेपटीकडे. माझी खुर्ची फिरते, पण उतरताना मी शेपटीकडेच तोंड ठेवतो, म्हणजे धक्का पाठीवर जातो. सूर मारताना मी जवळजवळ पाठीवर आडवा असतो आणि मला फक्त आकाश दिसतं. कानांचे दडे सुटावेत म्हणून मी गातो. आर्विदला वाटायचं मी हौसेने गातो. जहाजावर उतरतानाही पुढचं मला काही दिसत नाही. मागे शेपूट, शेपटीमागे पाणी, पाण्यावर जहाजाने काढलेली पांढरी वाट. शेपटीखालच्या आकड्यात डेकवरची आडवी तार अडकून गचका बसला की समजायचं, आलो घरी.

उतरण्याआधी आमचा एक पाठ ठरलेला होता. सूर मारताना पायलटला नेम धरायच्या नळीला डोळा लावायला पुढे वाकावं लागतं, म्हणून तो खांद्यावरचे पट्टे सैल करतो. परतताना ते सैल राहिले आणि विमान आपटलं, तर तीच नळी तोंडावर बसते. आमच्यातल्या निम्म्या पायलटांची नाकं वाकडी आहेत ती त्यामुळेच. म्हणून मी मागून ओरडायचो, "पट्टे?" आणि तो म्हणायचा, "आवळले, आजीबाई." जहाजभर माझं नाव आजीबाई पडलं ते त्याच्यामुळे.

तुम्ही दुधाच्या धंद्यातले म्हणून एक गंमत. विमान पाण्यात पडलं की मागून येणारी विनाशिका माणसांना उचलते. पण फुकट परत देत नाही. माणसामागे आइस्क्रीमचा एक मोठा डबा घेते. त्यांच्याकडे आइस्क्रीमचं यंत्र नाही, आमच्याकडे आहे. दोरावरून माणूस इकडे, डबा तिकडे.

त्या दिवसाचं नंतर लिहितो.

आपला,
लाइल प्रुएट

*

नॉर्बी
५ मार्च १९४४

प्रिय लाइल,

आता अहोजाहो पुरे. ज्याने माझ्या मुलाचे मोजे धुतले त्याला मी तू म्हणेन. तूही मला मिस्टर म्हणू नकोस. काका म्हण.

पत्र बोर्गिल्डने, म्हणजे आर्विदच्या आईने, जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. पीचच्या रसापाशी थांबली आणि म्हणाली, "बघ! मी सांगत नव्हते, कपाटातला डबा उंदीर पीत नाहीत म्हणून?" मग हसली. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा. मी कॉफी ओतली.

ते आइस्क्रीम कुठल्या चवीचं? आणि दुधाची पावडर वापरता की काय? वापरत असाल तर विनाशिकेची फसवणूक होतेय असं माझ्याकडून कळव. इथे चार जुलैला डेअरी गावासाठी आइस्क्रीम करते. हँडल आर्विद फिरवायचा. यंदा करायचं नाही असं मी ठरवलंय.

तुलाही त्या दिवशी विनाशिकेनेच उचललं असणार. तुझा डबा कोणत्या चवीचा गेला?

तुझा,
ओस्मुंड ट्वेटन

*

जहाजावरून
२८ मार्च १९४४

काका,

व्हॅनिला. आणि हो, पावडर. लेफ्टनंटसाहेबांनी ही ओळ कापली तर समजा की ते लष्करी गुपित होतं.

सध्या आमची करमणूक म्हणजे नवे पायलट एन्साइन डडली फेसेन्डन. माणूस सज्जन, चष्म्याशिवाय दिसतं चांगलं, पण जहाजावर उतरणं काही जमत नाही. परवा असे आले की चाकं डेकवर आपटून विमान बेडकासारखं उडालं, तीन तारा ओलांडल्या आणि चौथीत आकडा अडकला. डेकच्या टोकाला आमचा एक अधिकारी हातात दोन पॅडल घेऊन विमानांना खुणा करतो. त्याला सगळे पॅडल्सच म्हणतात. त्याने विमान येताना पाहिलं, त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला आणि त्याने बाजूच्या जाळीत उडी मारली. जाळीतून डोकं वर काढून ओरडला, "फेसेन्डन, मी तुला उतरायला सांगितलं होतं! जहाज फोडायला नाही!"

त्याच वेळी खाली भटारखान्यात सहा केक भट्टीत होते. ते सगळे बसले. आचाऱ्याने त्यातला सर्वांत चपटा केक फेसेन्डनना पाठवला, वर साखरेने लिहून, "डेकखाली माणसं राहतात."

त्यांच्या मागे बसायला कोणी गनर तयार नाही. म्हणून सरावाला मागच्या खुर्चीत माणसाच्या वजनाची वाळूची गोणी बांधतात. पोरांनी गोणीचं नाव एडना ठेवलंय. काल कोणीतरी तिच्या वतीने बदलीचा अर्ज केला. कारण: प्रकृती.

आम्ही सगळे मजेत आहोत.

तुमचा,
लाइल

*

जहाजावरून
६ एप्रिल १९४४

काका,

काकूंनी विणून पाठवलेले मोजे मिळाले. काकूंना सांगा, इथे फार गरम होतं, तरी मी घातले.

आज आणखी एक प्रकार. एक जुने, मुरलेले लेफ्टनंट आकडा खाली सोडायला विसरले. पॅडल्स खुणा करून करून थकला. विमान अगदी सुंदर आलं, चाकं लोण्यावर टेकावीत तशी टेकली आणि ते सगळ्या तारांवरून तसंच पुढे जाऊन अडवणाऱ्या जाळीत घुसलं. पंख्याची पाती मिशांसारखी वळली. लेफ्टनंट उतरले, सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "इथे तारा असायच्या ना?"

त्या दिवसाचं लिहायला बसलो होतो. पुढच्या पत्रात नक्की.

लाइल

*

नॉर्बी
२३ एप्रिल १९४४

प्रिय लाइल,

दोन्ही पत्रं एकदमच आली. बोर्गिल्डने चपट्या केकची गोष्ट चर्चमध्ये बायकांना सांगितली, ती पाद्रीबाबांच्याही कानावर गेली. पाद्रीबाबा प्रवचनात मध्येच थांबून हसले, त्यामुळे पत्र पुरुषांनीही ऐकावं असं ठरलं.

मी पत्रं दोनदा वाचतो. डेअरीत दूध येतं त्याची फॅटही मी दोनदा मोजतो. दुसऱ्यांदा वाचताना एक लक्षात आलं.

तू लिहिलं होतंस की उतरताना तुला फक्त शेपूट, पाणी आणि पांढरी वाट दिसते. आता तुला चाकं आपटताना दिसतात. आकडा नसलेला दिसतो. पॅडल्सचा चेहरा पांढरा पडलेला दिसतो. ज्याचं तोंड शेपटीकडे आहे त्याला हे दिसत नाही, लाइल. हे डेकच्या कडेला उभं राहणाऱ्याला दिसतं.

तू विमानात बसणं सोडलंयस. कधीपासून तेही माझ्या लक्षात आलंय.

मी रागावलेलो नाही. सोडलं असशील तर ठीक आहे. कोणी जिवंत आहे याचं वाईट वाटण्याइतकं या घरात काही बिघडलेलं नाही. पण तू तो दिवस सारखा पुढच्या पत्रावर ढकलतोयस. म्हणजे त्या दिवसात असं काहीतरी आहे जे मला कळू नये असं तुला वाटतं. मला ते कळायला हवं, लाइल. जे असेल ते. मी रोज डेअरीत उभा राहतो आणि माझ्या मनात रोज नवी गोष्ट तयार होते. ती प्रत्येक गोष्ट खऱ्यापेक्षा वाईट असेल असं मला वाटतं.

तुझा,
काका

*

जहाजावरून
१४ मे १९४४

काका,

तुमचं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो. आता लिहितो.

मी नोव्हेंबरपासून विमानात बसलेलो नाही. मीच तशी विनंती केली. रेडिओ दुरुस्त करतो आणि डेकच्या कडेला उभा राहून बघतो.

त्या दिवशी काही लढाई नव्हती. गस्त होती, साडेतीन तासांची. शत्रू सोडा, मासासुद्धा दिसला नाही. सरावासाठी एकदा सूर मारला आणि परत निघालो. आर्विद खुशीत होता. त्याने तुमची गोष्ट सांगायला घेतली. तुम्ही सरकारी इन्स्पेक्टरला डेअरी दाखवत उलटे उलटे चालत होता आणि ताकाच्या हौदात पडलात, ती. तो तुमचा आवाज काढून सांगत होता. मी इतका हसत होतो की डोळ्यांतून पाणी येत होतं. जहाज आलं, चाकं खाली आली, तरी तो सांगत होता. इन्स्पेक्टरने तुम्हाला वर काढायला हात पुढे केला, इथपर्यंत गोष्ट आली होती.

मी पट्ट्यांचं विचारलं नाही.

एकदाही असं झालं नव्हतं, काका. त्या एका दिवशी मी हसत होतो आणि विचारलं नाही. शेवटच्या क्षणी पॅडल्सने परत जायची खूण केली, पुढचं विमान तारांतून सुटलं नव्हतं. आर्विदने विमान वर ओढलं, वेग कमी पडला, डावा पंख खाली गेला आणि आम्ही पाण्यात पडलो. मी पाठीवर आपटलो, मला काही झालं नाही. तराफा काढून पुढे गेलो तर आर्विद नळीवर डोकं टेकून होता. पट्टे सैल. मी त्याचं बक्कल काढलं, ओढला, पण विमान त्याच्यासकट माझ्या हाताखालून बुडालं. मी पाहिलेलं सांगितल्यावर जहाजावरचे डॉक्टर म्हणाले की तो आपटला तेव्हाच गेला, त्याला पाणी कळलंसुद्धा नसेल. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाहीये, ते तसं म्हणाले.

माझ्या डब्याचं तुम्ही विचारलं होतं. डबा गेला होता. विनाशिकेने तो परत पाठवला. वर चिठ्ठी होती, "आम्ही एकच आणला. याचं काही घेत नाही." तेव्हापासून मी आइस्क्रीम खाल्लेलं नाही.

हे सगळं तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तुमची पत्रं यायची थांबतील याची भीती वाटली.

लाइल

(समासात, वेगळ्या अक्षरात: यातलं काहीही कापलेलं नाही. — पत्रं तपासणारा अधिकारी)

*

नॉर्बी
४ जून १९४४

प्रिय लाइल,

पत्र बोर्गिल्डने मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर माझ्याकडे दिलं. उरलेलं मी वाचलं. मग आम्ही दोघं गोठ्यामागच्या कुंपणापर्यंत चालत जाऊन आलो. परत आल्यावर ती म्हणाली, "त्याला कोटाचं सांग." म्हणून सांगतो.

आर्विदला कोटाची बटणं लावायला मी अठरा वर्षं सांगत होतो. इथे थंडीत दाराची कडी हाताला चिकटते. तो कोट उघडा टाकून शाळेत जायचा. मी रोज म्हणायचो, "बटणं?" तो म्हणायचा, "लावली." मी खिडकीतून बघायचो, लावलेली नसायची. ज्या दिवशी सांगायला विसरलो त्या दिवशीही नसायची. तेव्हा तो पट्ट्यांचं तुला जे उत्तर द्यायचा ते किती वेळा खरं होतं, हे तुला तुझ्या खुर्चीतून दिसत नव्हतं. मला दिसतंय.

तुझा दोष मला सापडत नाही. मी दोनदा शोधला.

आणि मी मनात रचलेल्या गोष्टींपैकी एकीतही तो हसत नव्हता.

आता ती गोष्ट. आर्विद ती नेहमी चुकीची सांगायचा. मी हौदात पडलो ते उलटा चालत होतो म्हणून नाही, फरशी ओली होती म्हणून. स्वच्छता दाखवायची म्हणून मीच धुतली होती. इन्स्पेक्टरने हात पुढे केला. मी धरला. मी तेव्हा आजच्यापेक्षा वीस किलो जास्त होतो. त्यामुळे तोही आत आला. आम्ही दोघं कमरेपर्यंत ताकात उभे. मला वाटलं, नोकरी गेली. त्या माणसाने टोपी नीट केली, खिशातून थर्मामीटर काढला, तिथल्या तिथे ताकात बुडवला, बघितला आणि म्हणाला, "तापमान बरोबर आहे, मिस्टर ट्वेटन."

हा तुझा राहिलेला शेवट.

विमानात बसायचं की डेकवर उभं राहायचं हे तूच ठरव. माझ्यासाठी बसू नकोस. आर्विदसाठीही नको. पत्रं मात्र दोन्हीकडून यायला हवीत.

काका

*

जहाजावरून
२६ जून १९४४

काका,

सध्या मला शेपूट दिसतं. शेपटीमागे पाणी आणि पाण्यावर पांढरी वाट.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी डेकवर होतो. एन्साइन फेसेन्डन मागच्या खुर्चीत एडनाला स्वतःच्या हाताने बांधत होते. कोणी बघत नाही असं त्यांना वाटलं असावं. गाठ मारून झाल्यावर तिला म्हणाले, "एडना, तू विचार ना मला, पट्टे आवळले का?" एडना काही बोलली नाही. मी तिथे गेलो आणि म्हणालो, "सर, तिला खाली उतरवा. तिची बदली मंजूर झाली."

ते म्हणाले, "आजीबाई, विचार करा. माझं उतरणं तुम्ही पाहिलंय."

मी म्हणालो, "सर, माझं तोंड शेपटीकडे असतं. मला काही दिसणार नाही."

आठ वेळा गेलो. आठही वेळा चौथी तार. नवव्यांदा परतताना जहाज समोर दिसत असताना तेलाची नळी फुटली आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांत. मी ओरडलो, "पट्टे?"

"आवळले!"

"हात लावून बघा!"

"आवळले हो, आजीबाई! पोहता येतं का ते विचारा!"

"येतं का?"

"नाही!"

काका, ज्या माणसाला डेकवर उतरता येत नाही त्याने विमान पाण्यावर असं टेकवलं की बदकाने बघत राहावं. दोन उड्या, मग थांबलं. मी तराफा ओढून पुढे धावलो, एका हाताने त्यांची कॉलर धरली. ते बक्कल सोडून खाली वाकून काहीतरी शोधत होते. "माझं सँडविच!" म्हणाले. मी त्यांना सँडविचसकट बाहेर ओढलं. नाक शाबूत. विमान गेलं.

तराफ्यावर बसलो.  काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी ताकाची गोष्ट सुरू केली. या वेळी पुरी सांगितली, थर्मामीटरपर्यंत. विनाशिका जवळ आली तेव्हा आम्ही दोघं इतके हसत होतो की वरून एक खलाशी ओरडला, "अरे, यांच्या डोक्यात पाणी गेलंय!" दुसरा म्हणाला, "जाऊ दे. दोन आहेत ना? मोज."

विनाशिका तीच, काका. त्यांनी आमच्या जहाजाला दिव्याने निरोप दिला: "दोन माणसं मिळाली. दोन डबे. मागचा हिशेब आता मनात ठेवू नये."

दोन्ही डबे गेले. एकही परत आला नाही. जहाजावर आल्यावर आचाऱ्याने मला वाटीभर दिलं. पावडरीचंच होतं. मी खाल्लं.

पॅडल्सने फेसेन्डनना पाण्यावरच्या उतरण्याबद्दल पहिल्यांदा पूर्ण मार्क दिले. पुढच्या वेळी जहाजावर प्रयत्न कर म्हणाला.

तुमचा,
लाइल

*

नॉर्बी
१७ जुलै १९४४

प्रिय लाइल,

पहिली ओळ वाचली आणि पत्र खाली ठेवून मी बोर्गिल्डला हाक मारली. ती पिठाच्या हातानेच आली. तिने वाचलं. सँडविचपाशी आम्ही दोघंही थांबलो.

चार जुलैला आइस्क्रीम केलं नव्हतं, ते तुला माहीत आहे. काल रविवारी चर्चची सहल होती, म्हणून केलं. साखर रेशनवर आहे, तर गावातल्या बायकांनी घराघरातून वाट्या आणून दिल्या. हँडल मी फिरवलं. अर्ध्यात खांदा भरून आला, मग बोर्गिल्डने फिरवलं. तिने माझ्यापेक्षा चांगलं फिरवलं. पावडर नाही, साय.

दोन डबे केले. पाद्रीबाबा म्हणाले, "ओस्मुंड, एवढं कशाला?" मी म्हणालो, "एक आपला. दुसरा एका विनाशिकेचा. पोचवता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने संपवायचाय." संपला. पुरुषांनी सगळ्यांसमोर ताकाची गोष्ट सांगायला लावली. मी कधी सांगत नाही, पण सांगितली. थोडी आर्विदसारखी, उलटा चालत पडलो अशी. तशीच जास्त चांगली वाटते.

त्याचा कोट अजून दाराजवळच्या खुंटीला आहे. काल सहलीहून आल्यावर बोर्गिल्डने त्याची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, आणि आपण आतापर्यंत असं का केलं नाही म्हणून स्वतःवरच हसली.

फेसेन्डनना आमचा नमस्कार. त्यांनी चौथी तार सोडून तिसरी धरून बघावी.

बोर्गिल्डला या पत्रात एकच शब्द घालायचा आहे. तो तिने स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलाय. उलट टपालाने उत्तर पाठव, आणि प्रत्येक वेळी पाठव.

तुझा,
काका

पट्टे?